भुताची साक्ष चालत नाही

चेटकिणींच्या कुटुंबावर रहस्यकादंबरी लिहायला घेतली की पहिला प्रश्न ‘खुनी कोण’ हा नसतो. ‘भूत काय सांगणार’ हा असतो. घरातल्या आजीला मेलेल्यांशी बोलता येतं असं एकदा लिहिलं, की वाचक लगेच विचारतो: मग ती सरळ मेलेल्यालाच का विचारत नाही? याचं उत्तर आधीच तयार नसेल तर पुढचं सगळं लिखाण पाण्यात. आम्ही दोघींनी मिळून असा एक खर्डा पुरा केला, कट एकीचा आणि भाषा दुसरीची. काय कोणत्या क्रमाने केलं, कुठे फसलं आणि का फसलं, ते इथे मांडतोय.

हा प्रकार मूळचा इंग्रजीतला. अमेरिकेत त्याला ‘कोझी’ म्हणतात. छोटं गाव, शोध घेणारी हौशी बाई, तिचं एखादं दुकान, दुकानात मांजर, खून पडद्याआड, रक्ताचा थेंब नाही, शयनगृहाचं दार बंद, आणि शेवटच्या पानावर गाव पुन्हा चहा प्यायला मोकळं. त्यात जादू मिसळली की पॅरानॉर्मल कोझी. मराठी वाचक गूढकथा म्हटलं की अंगावर काटा यायची वाट बघत बसतो. इथे काटा नाही, बेकरीचा वास आहे. हे पहिल्या दहा पानांत कळलं नाही तर तो शंभराव्या पानापर्यंत हडळीची वाट बघतो आणि मग वैतागतो.

आकाराचा हिशोब आधी. इंग्रजीत अशी कादंबरी साधारण ७०,००० ते ८०,००० शब्दांची असते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच ऐवज कमी शब्दांत बसतो. आम्ही ६०,००० धरले. २,००० शब्दांचं एक, अशी ३० प्रकरणं. प्रेत तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, मोठी चुकीची वाट पंधराव्यात, खुनी नायिकेला कळतो सव्विसाव्यात. उरलेली चार प्रकरणं आवराआवरीची. पहिल्या आराखड्यात आवराआवरीला एकच प्रकरण ठेवलं होतं. ते चुकलं, कारण या प्रकारात वाचक खुन्यापेक्षा घरासाठी आलेला असतो. त्याला घाईघाईने बाहेर काढलं की तो रुसतो.

गाव कोणतं, यावर मात्र बराच वाद झाला. शेवटी मॅसॅच्युसेट्समधलं सेलमच ठरलं, बॉस्टनपासून लोकलने अर्ध्या तासावरचं. तिथल्या पोलिसांच्या बिल्ल्यावर झाडूवर बसलेली चेटकीण आहे, हायस्कूलचा संघ ‘विचेस’ या नावाने खेळतो, आणि १९८२पासून दर ऑक्टोबरला तिथे हॅलोविनची जत्रा भरते. म्हणजे एखाद्या कुटुंबाने तिथे खरोखरच चेटूक केलं तरी शेजाऱ्यांना तो धंद्याचा भाग वाटणार. लपायला याहून सोयीची जागा नाही.

पण त्याच गावात १६९२ साली १९ जणांना चेटकाच्या आरोपावरून फाशी दिलं गेलं. ऐंशीच्या आसपासचा जाइल्स कोरी खटल्याला उभा राहायला कबूल होईना, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून रचून त्याचा जीव घेतला. निदान पाच जण तुरुंगातच गेले. जाळलं कोणालाच नाही. जाळण्याचा उल्लेख करणारं पुस्तक तिथला वाचक तिथेच मिटतो. फाशीची नेमकी जागा, प्रॉक्टर्स लेज, २०१६मध्ये नक्की झाली, आणि आज तिथे एका औषधाच्या दुकानामागे, घरांच्या गर्दीत, छोटं स्मारक आहे. लिहिताना एक पथ्य पाळलं: मेलेल्यांपैकी कोणाचंही आडनाव खुन्याला द्यायचं नाही. वंशज अजून आहेत.

मग हेच सातपुड्यात का नाही घडवलं, असं कोणी विचारेल. नाही घडवलं, कारण तिथे ही गोष्ट उबदार होऊच शकत नाही. सेलमची चेटकीण तीनशे वर्षं लांब आहे म्हणून टोपीत आणि झाडूवर मावते. नंदुरबारच्या पाड्यांत ‘डाकीण’ हा शब्द आजही बाईला घराबाहेर काढतो. भगत ‘पाहतो’, नाव सांगतो, आणि पुढचं गाव करतं. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत नेमकं हे आहे: अमुक माणूस करणी करतो, मंत्राने गुरांचं दूध आटवतो, असं म्हणून त्याच्याविषयी संशय पसरवणं हा गुन्हा, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. गुरांचं दूध आटवल्याचा आरोप युरोपातल्या जुन्या खटल्यांतही सापडतो, शब्दही जवळजवळ तेच. म्हणून ‘डाकीण’ आणि ‘भुताळी’ हे शब्द खर्ड्यात एकदाही वापरायचे नाहीत असं ठरवलं. बाहेरचे लोक त्या कुटुंबाला ‘चेटकिणी’ म्हणतात. तो शब्द परीकथेतून येतो, त्याला दात कमी. घरातल्या बायका स्वतःला काहीच म्हणत नाहीत, ‘आपल्यातली’ एवढंच. इंग्रजीतल्या ‘स्पेल’ला ‘मंत्र’ म्हटलं तर देव्हारा दिसतो, ‘करणी’ म्हटलं तर बाहुली आणि टाचण्या. ‘तोडगा’ बरोबर बसला. तो आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या डब्यांतूनच निघतो, मीठ-मोहरीच्या शेजारून.

आता भुताकडे. सेलमच्या खास न्यायालयाने जी साक्ष ग्राह्य धरली तिला इतिहासात ‘स्पेक्ट्रल’ साक्ष म्हणतात. म्हणजे अशी: फिर्यादी म्हणते, अमुक बाईची आकृती रात्री माझ्या छातीवर येऊन बसली. ती बाई तेव्हा स्वतःच्या घरी झोपली होती हे सिद्ध करून उपयोग नाही, कारण आरोप तिच्या आकृतीवर आहे. या साक्षीला उलटतपासणी नाही. ऑक्टोबर १६९२मध्ये पाद्री इन्क्रीज मॅथर यांनी तिच्याविरुद्ध लिहिलं, महिन्याच्या अखेरीस गव्हर्नर फिप्स यांनी ते न्यायालयच मोडलं, आणि जानेवारीपासून नव्या न्यायालयात ती साक्ष बंद झाल्यावर बहुतेक आरोपी सुटले.

हे वाचलं तेव्हा कादंबरीचा कणा हाती लागला. भुताला विचारून खुनी पकडणारी चेटकीण म्हणजे १६९२चंच न्यायालय, फक्त गोड चेहऱ्याचं. या घराण्याचा मग एकच जुना नियम ठेवला: मेलेल्याचं ऐकायचं, पण त्याच्या शब्दावर कोणाचं नाव घ्यायचं नाही. रहस्यकथेच्या बाजूनेही हे सोयीचं निघालं. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम घातले, त्यातला दुसरा असा की अलौकिक शक्तींचा प्रश्नच उद्भवता कामा नये. गंमत म्हणजे हा माणूस स्वतः कॅथलिक पाद्री. चेटकिणींची कादंबरी तो नियम पहिल्याच ओळीत मोडते. तरी त्यामागचं कारण मोडून चालत नाही: वाचकाला नायिकेच्या बरोबरीने उत्तर काढता आलं पाहिजे. जादू असू दे, पण तिचे नियम पहिल्या पाचव्या हिश्शात वाचकाच्या हातात पडले पाहिजेत. आम्ही सहाव्या प्रकरणानंतर एकही नवा नियम येऊ दिला नाही.

प्रत्येक पात्रासाठी एक कागद, त्यावर तीन ओळी: काय जमतं, काय जमत नाही, काय किंमत पडते. तो कागद टेबलासमोर चिकटवलेला. आजीला मृत्यूनंतर तीन रात्री मेलेल्याचं ऐकू येतं. मेलेल्याला जिवंतपणी जेवढं ठाऊक होतं तेवढंच तो सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापर्यंत आजीला जिवंत माणसांचं ऐकू येत नाही. या बहिरेपणापायी सतराव्या प्रकरणातला महत्त्वाचा फोन ती घेऊ शकत नाही. थोरल्या मुलीला वस्तूला हात लावला की आधीच्या हाताची भावना कळते, हात कोणाचा ते कळत नाही. तिची किंमत आधी ‘डोकेदुखी’ लिहिली होती. पाडली. डोकेदुखी दोन गोळ्यांत जाते, तिने कथेत काहीच हलत नाही. त्याऐवजी दिवसभर तिची जिभेची चव जाते असं केलं. ती बेकरी चालवते, म्हणजे ज्या दिवशी पाव खारट, त्या दिवशी तिने काहीतरी चाचपलंय हे घरातल्यांना कळतं. किंमत अशी हवी की ती लपवता येऊ नये.

सर्वांत मोठी चूक धाकटीच्या बाबतीत झाली. तीच नायिका, वनौषधींचं काउंटर सांभाळणारी. पहिल्या खर्ड्यात तिने पुटपुटलेला चहा पिणारा खोटं बोलू शकत नसे. बाराव्या प्रकरणापर्यंत लिहून झालं आणि लक्षात आलं की प्रत्येक संशयिताला एकेक कप पाजला की पुस्तक संपलं. त्याला चहा पाजायचा नाही याची कारणं शोधण्यात तीन प्रकरणं गेली होती, आणि ती तशीच दिसत होती: कोणाला ॲसिडिटी, कोणी कॉफीवाला. सगळं काढलं. आता तिच्या चहाने शांत झोप लागते, बस्स. घराण्यातली सगळ्यांत दुबळी जादू तिची, म्हणून तिला डोकं चालवावं लागतं. पंधरा वर्षांच्या भाचीची शक्ती अजून ठरलेली नाही; ती ऐन शेवटी प्रकट करून सर्वांना वाचवायचा मोह होतो, तो आवरायचा. मांजर बोलतं, पण त्याला वेळ कळते, तारीख कळत नाही. हे एक वाक्य आम्हाला फार उपयोगी पडलं.

खुनाची पद्धत भुताच्या नियमावरून ठरली. भोसकलेल्या माणसाने समोरचा चेहरा पाहिलेला असतो. विष घेतलेल्याने फक्त कप पाहिलेला असतो. म्हणून विष, आणि तेही एका घोटात नाही, चार-पाच दिवस रोजच्या चहातून. मेलेला गृहस्थ रात्री कंदील घेऊन प्रवाशांना भुताटकीची सहल घडवणारा. तो आजीला सांगतो की दिवे पिवळे दिसायला लागले होते, दिव्यांभोवती कडी दिसत होती, आणि चहा तुमच्याच दुकानातला होता. तुमच्या धाकटीने मारलं मला. तो खोटं बोलत नाही. त्याला तसंच वाटतं. पंधराव्या प्रकरणातली चुकीची वाट ती हीच, आणि ती भुताने दाखवलेली.

पिवळं दिसणं ही डिजिटॅलिसच्या, म्हणजे हृदयाच्या एका औषधाच्या, विषबाधेची जुनी, ओळखीची खूण. ते येतं फॉक्सग्लव्ह या बागेतल्या झाडातून. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्यापर्यंत ते पोचलं श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या घराण्यात गुपित ठेवलेल्या काढ्यातून, ज्यात वीसेक पाले होते आणि खरं काम एकाच पाल्याचं होतं. चेटकिणींच्या कादंबरीला याहून चांगला पूर्वज मिळणार नाही. आजीच्या तोंडी तो किस्सा दुसऱ्याच प्रकरणात घातला, गप्पांच्या ओघात.

फॉक्सग्लव्हचा पाला फुलं नसताना कॉम्फ्री नावाच्या दुसऱ्या वनस्पतीसारखा दिसतो, आणि त्या घोटाळ्यातून खरोखर विषबाधा झालेल्या आहेत. कथेसाठी ऑक्टोबर चालतो का, हे आधी तपासलं. फॉक्सग्लव्ह द्विवर्षायू, पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा नुसता झुबका, फूल दुसऱ्या वर्षी. तो झुबका थंडीतही हिरवा राहतो. कॉम्फ्री कडक दहिवर पडलं की बसते. समुद्रकाठच्या सेलममध्ये ऑक्टोबरच्या मध्याला दोन्ही पाने हाताशी असू शकतात. घटना महिनाभर पुढे नेली असती तर हा धागा तुटला असता.

फरक कुठे, तो असा: कॉम्फ्रीच्या पानाची कड अखंड आणि लव राठ, बोटाला टोचणारी. फॉक्सग्लव्हची कड बारीक दातेरी आणि लव मऊ, राखाडी. पण वाळवून चुरलेल्या पाल्यात कड शिल्लक राहत नाही, हे पहिल्या खर्ड्यात विसरलो होतो. नायिका चिमूटभर चुरा बघून निदान करत होती. तज्ज्ञ वाचक इथे हसला असता. आता डब्याच्या झाकणाच्या खाचेत नखाएवढा एक तुकडा अडकलेला आहे, आणि ती दहापट भिंगातून त्याची कड बघते.

याहून आवडता धागा दुसरा आहे. डब्यावर दुकानाचं लेबल आणि त्यावर ‘कॉम्फ्री चहा’. पोलिसांना वाटतं, दुकानाकडून पाल्यांची अदलाबदल झाली, अपघात. पण कॉम्फ्री पोटात घ्यायची नसते, ती यकृताला घातक; २००१मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने पूरक आहाराच्या उत्पादकांना ती काढून टाकायला सांगितलं. या घरात ती फक्त मलमात जाते, चहात कधीच नाही. म्हणजे लेबल ज्याने केलं त्याला वनस्पती ठाऊक होती, दुकान ठाऊक नव्हतं. इथे जादूचा संबंध नाही. काउंटरमागे उभं राहणाऱ्या बाईलाच हे कळेल, आणि वाचकालाही कळू शकेल, कारण चौथ्या प्रकरणात ती एका गिऱ्हाइकाला कॉम्फ्रीचा चहा नाकारते.

धागा लपवायची आमची पद्धत साधी. तीन गोष्टींच्या यादीत तो मधे ठेवायचा, आणि लगेच पुढच्या ओळीत काहीतरी सांडायचं. त्या प्रकरणात गिऱ्हाइकाला तीन गोष्टी नाकारल्या जातात: उधारी, कॉम्फ्रीचा चहा, आणि मांजराला कुशीत घेणं. मांजर लगेच साखरेचं भांडं पाडतं. वाचकाला मांजर लक्षात राहतं. प्रत्येक धाग्याची नोंद वहीत चार रकान्यांत ठेवली: कुठे पेरला, कशाने झाकला, पुन्हा कुठे दिसला, कुठे उलगडला. दुसरा रकाना रिकामा असेल तर धागा उघडा पडलेला, तिसरा रिकामा असेल तर वाचक विसरलेला. तिसरा रकाना आम्ही सारखा विसरत होतो.

खुनामागचं कारण एका कागदात आहे. सहलीच्या धंद्यातला भागीदार १६९२चं म्हणून एक पत्र प्रवाशांना दाखवतो, विकायचंही ठरवतो. मेलेल्याला ते बनावट असल्याचं कळलेलं असतं. बनावटपणा कशाने उघड करायचा? ‘डॅनव्हर्स’ हे गावाचं नाव पत्रात घालून पाहिलं, कारण १६९२मधलं ‘सेलम व्हिलेज’ १७५२मध्ये डॅनव्हर्स झालं. पण अमेरिकन पात्रांना ते फारच लवकर कळलं असतं. मग तारीख घेतली. इंग्रजांच्या वसाहतींत तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी ते मार्चच्या कागदांवर दोन सालं जोडून लिहीत. पहिली अटक-वॉरंटं २९ फेब्रुवारीला निघाली, त्यांवर साल १६९१/९२ असं पडलेलं आहे. बनावट पत्रावर मात्र नुसतं ‘फेब्रुवारी १६९२’. तेव्हाच्या कारकुनी हिशोबाने हे एक वर्ष पुढचं.

अमेरिकन वाचकाला हे डोकं खाजवायला लावणारं आहे. मराठी वाचकाला नाही! आपला शके गुढीपाडव्याला बदलतो, जानेवारीतलं लग्न जुन्या शकात पडतं, हे पत्रिकेवर आपण जन्मभर वाचत आलो. पहिल्या वाचनात हा धागा सगळ्यांनी लगेच पकडला. म्हणून तो आणखी खोल पुरावा लागला: पत्राचा मजकूर आधी पूर्ण देऊन, तारीख अर्ध्या पानानंतर, चौकटीच्या काचेवरच्या डागाच्या वर्णनात.

पंचांगाचा विषय निघाला म्हणून. प्रत्येक हॅलोविनला आकाशात पूर्ण चंद्र टांगणं हा या प्रकारातला सर्वांत जुना आजार आहे. ३१ ऑक्टोबरला पौर्णिमा साधारण १९ वर्षांनी येते. २००१, २०२० आणि आता २०३९. आम्ही कथा २०२४मध्ये ठेवली. त्या वर्षी कोजागिरी १६ ऑक्टोबरला होती, म्हणून मृत्यूची रात्र तीच: लख्ख चांदणं, कंदिलाची गरज नसताना कंदील. आणि हॅलोविन त्या वर्षी आपल्या नरकचतुर्दशीला आला, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. म्हणजे शेवटचा प्रसंग मिट्ट अंधारात. सेलममध्ये त्या दिवशी सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो. घराघरांतून गोळ्या मागत फिरणारी पोरं, गर्दी आणि अंधार यांचं वेळापत्रक त्यावरून बसवलं.

पोलिसांच्या बाबतीत दोन चुका टाळाव्या लागतात. एक म्हणजे शेरीफ. मॅसॅच्युसेट्समध्ये शेरीफ मुख्यतः तुरुंग सांभाळतो, खुनाचा तपास करत नाही. दुसरी म्हणजे गावचा प्रेमळ फौजदार सगळं सोडवतो ही. बॉस्टनसारखी मोजकी शहरं सोडली तर तिथे खुनाचा तपास जिल्हा सरकारी वकिलाच्या कार्यालयाला जोडलेले राज्य पोलिसांचे अधिकारी करतात. म्हणजे गावचा पोलीस घराच्या ओळखीचा, आणि तपास करणारी बाई बाहेरची. ही फट नायिकेला फिरायला पुरते. विषाचा रासायनिक अहवाल यायला आठवडे लागतात, कथा मात्र सोळा रात्रींत संपते. अहवाल दोन दिवसांत आणणारं पुस्तक स्वतःच्या नायिकेला बेकार करतं.

मराठीत लिहिताना जे अडलं ते इंग्रजी लेखकाला कधीच अडत नाही. पहिलं म्हणजे लिंग. खिडकीबाहेर कोणीतरी उभं होतं, इथपर्यंत ठीक. ‘तो पळाला’ किंवा ‘ती पळाली’ लिहिलं की निम्मे संशयित सुटले. ‘कोणीतरी’ला नपुंसकलिंगी क्रियापद देऊन दोन-तीन वाक्यं निभतात, चौथ्या वाक्याला वाचक हुशार होतो. मग कर्ता बदलायचा: पावलं वाजली, फाटक आपटलं, कुंपणावर कोटाचं टोक दिसलं. तिसाव्या वाक्यालाही तक्रार येत नाही. साक्षीदाराच्या तोंडी मात्र हे चालत नाही. जिवंत माणूस असं बोलत नाही. त्याने ‘तो’ म्हटलं पाहिजे, आणि तो चुकीचा असला पाहिजे.

दुसरं, तू आणि तुम्ही. खर्ड्यात भागीदार मेलेल्याला चारचौघांत ‘तुम्ही’ म्हणतो, आणि एकदा तोंडून ‘तू’ निसटतं. नायिका त्यावरून जुनं भांडण ओळखते. लिहिताना फार खूश होतो. मग भाषा सांभाळणारी म्हणाली, “अगं, हे लोक इंग्रजी बोलतायत. त्यांच्यात तू-तुम्ही आहेच कुठे?” सबंध धागा रद्द. संबोधन मराठीत आपण निवडतो, पुराव्यात ते वापरता येत नाही. मुली आजीला आणि आईला ‘तू’ म्हणतात, तपास अधिकारी बाईला सगळे ‘तुम्ही’, गावच्या पोलिसाला थोरली ‘तू’ म्हणते कारण ती त्याच्याबरोबर शाळेत होती. शेवटपर्यंत तेच.

या प्रकारात शेवटी पाककृती द्यायची रीत आहे. ती केलेली असली पाहिजे. वाचक करून बघतात. सेलमच्या वरच्या किनाऱ्यावर, ग्लॉस्टर-रॉकपोर्टकडचा ॲनाडामा नावाचा पाव घेतला, मक्याचा रवा आणि मळीचा. इथे करताना मळीऐवजी काकवी चांगली चालते, पण ती पातळ असते. एका पावाला मक्याचा रवा ४० ग्रॅम (कॉर्नफ्लोअर नव्हे, त्याची खळ होते), पाणी २४० मिलि, त्यातलं दोन चमचे काकवीपायी कमी. पाण्यात रवा शिजवून त्यात १५ ग्रॅम लोणी, ६० मिलि काकवी, पाऊण चमचा मीठ. हे कोमट होईपर्यंत थांबायचं. गरम पेजेत यीस्ट घातलं की मरतं, आणि पाव विटेसारखा होतो. कोमट झाल्यावर एक चमचा इन्स्टंट यीस्ट आणि साधारण ३३० ग्रॅम मैदा, दहा मिनिटं मळून दुप्पट होईतो ठेवायचं, मग भांड्यात घालून पुन्हा तासभर, आणि १९० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. काकवीमुळे वरून लवकर काळा पडतो, पंचवीस मिनिटांनी वर कागद टाकावा.

हाच पाव कथेत पुरावाही आहे. थोरली म्हणते, तासाभरात परत आले. पण पीठ फुगून पुन्हा बसलेलं असतं, त्याला आंबूस वास येतो. एका तासात तसं होत नाही. हे पोलिसांना दिसत नाही, धाकटीला दिसतं, आणि दोन प्रकरणं ती स्वतःच्या बहिणीवर संशय घेते.

खर्डा पाच जणांना वाचायला दिला. अट एकच: पंचविसाव्या प्रकरणाला थांबायचं, चिठ्ठीवर खुन्याचं नाव आणि एका ओळीत कारण लिहायचं, मग पुढे वाचायचं. पाचही बरोबर आले तर कट उघडा, एकही नाही आला तर लबाडी. पहिल्या फेरीत तिघांनी बरोबर नाव लिहिलं, पण कारण तिघांचंही ‘तो फार गोड बोलतो’. याचा अर्थ धागे वाचलेच गेले नव्हते, पात्र रंगवण्यात आम्ही घाण केली होती. भागीदाराचा गोडवा कमी केला, त्याला थोडं तिरसट केलं आणि तिरसटपणाला खरं कारण दिलं, गुडघेदुखीचं. दुसऱ्या फेरीत नवे पाच वाचक. दोघांनी नाव ओळखलं, त्यातल्या एकीने चिठ्ठीवर फक्त ‘लेबल’ एवढंच लिहिलं होतं. ती चिठ्ठी वहीत चिकटवली आहे.

मुद्रणप्रत तयार करताना शेवटचं वाचन तारखांसाठी केलं, पंचांग शेजारी घेऊन. अठ्ठाविसाव्या प्रकरणात, हॅलोविनच्या रात्री, कुंपणावर बसलेल्या मांजराच्या डोळ्यांत चंद्र चमकत होता. इतक्या फेऱ्यांतून तो सुटला होता. आता तिथे रस्त्यावरचा दिवा आहे.